लेहला चाललायस, तर आधी सिमचं बघ

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज बघितला. "लडाखला चाललोय, प्रवासात चालेल असा स्वस्तातला प्रीपेड प्लॅन सुचव." एका ओळीचा प्रश्न आहे म्हणून एका ओळीतच उत्तर द्यायला घेतलं होतं पण ते काय बसेना, मग व्हॉइस मेसेज करायला लागलो तर दर मिनिटाला कोणीतरी "दादा, रिचार्ज" करत काउंटरवर उभं, शेवटी शटर अर्धं खाली घेतलं आणि आता निवांत टाइप करतोय. चहा घेऊन वाच, लांबलंय जरा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझं प्रीपेड सिम तिथं चालणारच नाही. कुठल्याही कंपनीचं असू दे, २९९ चा मार नाहीतर वर्षाचा मार, जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड रोमिंगला चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं नाहीतर तिथलंच लोकल प्रीपेड. लडाख २०१९ ला वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला तरी टेलिकॉमवाल्यांच्या हिशेबात तो अजून जम्मू-काश्मीर सर्कलमध्येच, म्हणजे त्यांनी पाडलेल्या त्याच विभागात आहे, त्यामुळं "आम्ही काश्मीरला नाही ओ, लेहला चाललोय" असं म्हणून काही उपयोग नाही. आणि तुम्ही पाच जण मनालीवरून वर जाणार असलात तरी परत उतरणार श्रीनगरवरूनच.

कारण सुरक्षेचं. देशात मोबाईल १९९५ ला आला, तिकडं तो सुरू व्हायला २००३ उजाडलं. मग २००९ च्या नोव्हेंबरात सरकारनं तिथलं प्रीपेडच बंद करून टाकलेलं, म्हणे खोट्या कागदांवर सिम घेतली जातात, ते २०१० च्या जानेवारीत कडक तपासणीच्या अटीवर परत चालू केलं. २०१९ चं तर तुला आठवत असेलच, ऑगस्टमध्ये सगळंच बंद होतं, तेव्हा पोस्टपेड ऑक्टोबरमध्ये चालू झालं आणि प्रीपेडवाले जानेवारीपर्यंत तसेच बसले. पोस्टपेडवाल्याचा पत्ता, बिल, माणूस सगळं नोंदीत असतं असा सरकारचा विचार. ते बरोबर का चूक यात मी पडत नाही, गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो की नियम आहे, वाद घालू नको.

आता गंमत अशी आहे की हे रस्त्यात कळतच नाही. मनालीत तुझा फोन झकास चालेल, अटल टनेल पार करून सिस्सू, केलांग, जिस्पापर्यंतसुद्धा चालेल कारण ते सगळं हिमाचल, तिथं आपलं प्रीपेड साधं रोमिंग म्हणून चालतं. जिस्पाच्या पुढचं दारचा गाव सोडलं की तसंही कुणाच्याच रेंजचा भरवसा नाही, बारालाचा, सरचू, पांग, सगळ्यांचेच फोन गप्प, म्हणून वाटतं डोंगर आहेत, येईल पुढं. सरचूच्या आसपास हद्द ओलांडली हेही लक्षात येत नाही. मग लेहच्या अलीकडं उपशीला आलं की पोस्टपेडवाल्यांच्या खिशात टिंग टिंग सुरू होतं, सगळे बाजूला गाड्या लावून घरी फोन लावतात, आणि प्रीपेडवाला आपला फोन एअरप्लेन मोडवर टाकतोय, काढतोय, रिस्टार्ट करतोय, सिम काढून टीशर्टला पुसतोय. माझ्याकडं येणारी एक बँकेतली पोरं आहेत, त्यांच्यातल्या एकानं लेहला पोचेपर्यंत हेच केलं. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडूनच मोठा रिचार्ज मारून गेलेला बाबा, बोलला पण नाही कुठं चाललाय ते.

मग करायचं काय. तीन रस्ते आहेत.

एक म्हणजे तुझा आहे तोच नंबर पोस्टपेड करायचा. २०२१ पासून हे नुसत्या ओटीपीवर घरबसल्या होतं त्यामुळं लोकांना फार सोपं वाटतं. पण परत प्रीपेडला यायचं तर थांबावं लागतं, आधी ९० दिवस होते, जून २०२५ पासून पहिल्या वेळेला ३० दिवस केलेत. आणि तुझ्या प्रीपेडची जी व्हॅलिडिटी शिल्लक आहे ती गेली समज. तुझा नंबर बँकेला, पीएफला, गॅसला, पोरीच्या शाळेला, सगळीकडं दिलेला. मी तरी त्याला हात लावणार नाही.

दुसरा रस्ता, लेहच्या मार्केटमध्ये लोकल प्रीपेड घ्यायचं. मिळतं, आधार दाखवलं की देतात, पण तिथला दुकानदार बहुतेक वेळा दुसरा एखादा चालू नंबर मागतो, आणि तुझा तर तिथं बंद, म्हणजे कुणाचं तरी पोस्टपेड सोबत लागणारच. शिवाय फोटो, डोळे मिचकाव, व्हेरिफिकेशन, मग अ‍ॅक्टिव्हेट व्हायला लागेल तेवढा वेळ. महिना-दोन महिने राहणाऱ्यासाठी हे बरोबर आहे. तुमच्यासारखे आज लेह, उद्या नुब्रा, परवा पँगाँग करणाऱ्यांचं सिम चालू होईस्तोवर निम्मी ट्रीप संपते.

तिसरा रस्ता मला पसंत आहे. जुना नंबर स्लॉट एकमध्ये जसाच्या तसा ठेव आणि स्लॉट दोनमध्ये एक नवीन स्वस्तातलं पोस्टपेड टाक, तिथंच पुण्यात घे, आठ-दहा दिवस आधी, म्हणजे चालू झालंय का, नेट येतंय का ते बघता येतं. भाव सांगतो ते जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे, घ्यायच्या आधी अ‍ॅपमध्ये एकदा बघून घे, हे लोक कधी बदलतील नेम नाही. जिओचं सगळ्यात खालचं पोस्टपेड ३४९, एअरटेलचं ४४९. आता यात एक मेख आहे, प्रीपेडच्या किमतीत टॅक्स धरलेला असतो, पोस्टपेडला १८ टक्के जीएसटी वरून लागतो, म्हणजे ३४९ चं हातात पडतं ४१२ ला आणि ४४९ चं ५३० ला. डिपॉझिट मागतात का तेही आधीच विचार. (पोस्टपेड विकलं की मला कमिशन बरं मिळतं, पण तू पुण्यातून घेणार, तेव्हा माझा काय स्वार्थ नाही हे लिहून ठेव.)

आणि हे पाचही जणांनी घ्यायची अजिबात गरज नाही! इथंच लोक पैसे घालवतात. तीन सिम बास झाली, पण तिन्ही वेगळ्या कंपनीची घ्या, एक जिओ, एक एअरटेल, एक बीएसएनएल. लेह गावात ही तिन्ही चालतात, बाहेर पडलं की एका वळणावर याला रेंज तर पुढच्या गावात त्याला. बीएसएनएलचं नाव काढलं की शहरातली पोरं हसतात पण सीमेकडच्या आडगावात कधी कधी तेवढंच असतं. उरलेल्या दोघांनी हॉटेलचं वायफाय आणि मुक्कामाला मित्राचा हॉटस्पॉट. फक्त गाड्या पुढं-मागं होतात, तेव्हा ज्यांच्याकडं सिम आहे त्यातला एक सगळ्यात पुढं आणि एक सगळ्यात मागं ठेवा, तिघं मिळून पुढं पळालात तर मागं पंक्चर झालेला बोंबलत बसेल. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे साइटवर टाकायला लावलेत, ते बघ जरूर, पण नकाशात रंग दिसला म्हणजे दरीत रेंज येईलच असं धरू नको.

आता तुझा मूळ प्रश्न, प्रीपेडचा प्लॅन कुठला. तर जुन्या नंबरवर सगळ्यात कमीचा मार, बास. तो नंबर ट्रीपमधला बराच वेळ बंदच राहणार आहे, त्यावर दिवसाला दोन जीबी घेऊन काय लोणचं घालायचंय? रोजचा डेटा रात्री बाराला संपतो, वापरला नाही तर गेला, आणि तुम्ही तर दिवसाचा निम्मा वेळ बिनरेंजचे. एअरटेलचं १९९ चं आहे त्यात २८ दिवसांना मिळून दोन जीबी, रोजची भानगड नाही, दिल्ली-मनालीपर्यंतचे फोन आणि मेसेज त्यात होतात. अनलिमिटेड फाइव्हजीच्या नादाला तर लागूच नको, २०२४ पासून जिओ-एअरटेल ते दिवसाला दोन जीबी नाहीतर त्याच्या वरच्याच प्लॅनवर देतात, आणि त्या घाटांत फोरजी मिळालं तरी नशीब. म्हणजे तुझा एकूण खर्च १९९ अधिक ४१२, सहाशे अकरा, आणि तो पोस्टपेडचा तिघांत-पाचांत वाटला तर अजून कमी. एवढंच बघ की २८ दिवस मोजून परत आल्यावरची तारीख पडली पाहिजे, मध्येच संपला तर वहिनींना घरून रिचार्ज मारायला सांग.

ओटीपीचं आता नीट वाच. जुन्या नंबरला तिथं रेंज नाही म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही, म्हणजे कार्डानं ऑनलाइन काही भरता येणार नाही, नेटबँकिंग नाही. यूपीआय मात्र चालतं, कारण ते नेटवर चालतं, नेट दुसऱ्या सिमचं असलं तरी. पण अट एकच, जुनं सिम फोनमधून काढायचं नाही, रेंज नसली तरी तसंच राहू दे. ते काढलंस की बरीच अ‍ॅप परत व्हेरिफाय करायला लावतात, त्यासाठी त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो, आणि तो तिथून जाणार नाही, मग बस बोंबलत. तसंच व्हॉट्सअ‍ॅप नवीन सिम बघून विचारेल नंबर बदलायचा का, नाही म्हण. हॉटेल, गाडीभाडं जे काय कार्डानं भरायचं ते मनालीतच उरकून घे आणि कॅश बऱ्यापैकी ठेव, लेहला एटीएम आहेत पण पुढं पँगाँगकडं त्यांच्या भरवशावर जाऊ नको.

आणि निघायच्या तोंडावर सिममध्ये काही खुडबुड नको. फिजिकल सिमचं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम, करून घेऊ म्हणशील तर सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, तो नियमच आहे, फ्रॉड होऊ नये म्हणून. पोर्ट करू, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू म्हणशील तर त्यात दिवस जातात आणि मध्ये नंबर काही तास मरतो. हे सगळं एकतर महिनाभर आधी नाहीतर आल्यावर.

छोट्या-छोट्या गोष्टी राहिल्या. फोनमध्ये डेटा रोमिंग चालू कर, नाहीतर पोस्टपेड असून नेट नाही म्हणून मला शिव्या घालशील. गूगल मॅपचा मनाली ते लेह आणि लेह ते श्रीनगर असा पट्टा घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेव, पोरांकडूनही करून घे. टांडीला पेट्रोल पंप आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटीच आहे तिथं, तिथं टाकी फुल करता ना, तसाच पुढं केलांगमध्ये घरी फोन करून सांगा की आता दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. हे काकूंना तू स्वतः सांग, वहिनींवर ढकलू नको, काकू मला फोन करतात मग. नवीन पोस्टपेडचा नंबर घरी कागदावर लिहून फ्रीजला चिकटव, सेव्ह करून दिलास तरी ऐनवेळी सापडत नाही कुणाला.

येताना झोजिला, सोनमर्ग, श्रीनगर, जम्मू, सगळं त्याच सर्कलमध्ये. लखनपूरला पूल ओलांडून पंजाबात माधोपूरकडं आलास की जुना नंबर जिवंत होईल, तेव्हा मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड पडतील, गाडी चालवताना बघत बसू नको.

आल्यावर ते पोस्टपेड नुसतं ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचं नाही, बिल येत राहतं. शेवटचं बिल भर, बंद करायची रिक्वेस्ट टाक आणि बंद झाल्याचा मेसेज जपून ठेव. तुझ्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी साइटवर बघता येतं, एका माणसाला नऊपर्यंत चालतात, तुझ्या नावावर मला वाटतं गावाकडचं एक, काकांच्या फोनमधलं एक अशी आधीच बरीच असतील. काकांच्या नंबरला उगाच डेटावाला प्लॅन मारत असशील तर ते पण थांबव, त्यांचा बटणांचा फोन आहे, २०२५ पासून नुसत्या कॉल-मेसेजचे प्लॅन आलेत, एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस. हे तुला सांगायचंच राहून जात होतं.

सिम घेतलंस की त्या नंबरवरून मला एक मिस्ड कॉल दे, मी इथून बघतो नीट लागतोय का. आणि बीएसएनएलचं कुणी घ्यायला तयार नसेल तर माझ्या भाच्याकडं पोस्टपेड आहे, पण ते त्याच्या नावावरचं, मागू नको, तिकडं कुणी तपासलं तर उत्तर तुला द्यावं लागेल. तुमच्यातल्याच कुणीतरी आपल्या नावावर घ्या. शनिवारी मी दोनपर्यंतच दुकानात आहे, नंतर मामाच्या पोरीचं लग्न आहे साताऱ्याला, तेव्हा काय विचारायचं असेल ते त्याआधी विचार.

काका-काकूंना नमस्कार, पोरीला पापा.

तुझा,
मंग्या