एकट्याने कोकण, सायकलवर

पुणे, २९ नोव्हेंबर २०२०

पक्या,

काल फोनवर तू चिडलास, या कोरोनाच्या दिवसांत एकटा कुठे निघालास म्हणून, ते रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून नीट लिहितोय. काकू घरी आहेत तेव्हा तुला चल म्हणणं मलाच पटत नाही, एकटा जातोय ते त्याच्यासाठीच.

रूट आपलाच जुना. मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगाव, तिथे हायवे नुसता ओलांडायचा आणि साई-म्हसळा करत दिवेआगर. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, मग केळशी-आंजर्ले बघू. रोज साठ-सत्तर किमीच, एका दमात माणगाव गाठायचं नाही. यंदा पडून हात मोडून घेतला तर दवाखान्यात कोणाचा तरी बेड अडवणार, हे सारखं मनात येतं, म्हणून ताम्हिणीच्या उतारावर अजिबात सुसाट सोडणार नाही, ब्रेक पॅड नवेच टाकलेत.

आता जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत नाही, सप्टेंबरपासूनच बंद झाला, पण मोकळीक मिळाली म्हणजे कुठेही घुसावं असं नाही रे. मला काय होईल यापेक्षा शहरातून मी काय घेऊन जाईन याची भीती जास्त वाटते, तिथे घराघरात म्हातारी माणसं आहेत. म्हणून निघायच्या आधी दहा दिवस कोणाला भेटत नाहीये, रोज ऑक्सिमीटर लावतोय, जरा ताप-खोकला वाटला की ट्रिप कॅन्सल. देवळात, शाळेत पथारी टाकायची आपली सवय यावेळी बंद. तंबू, स्टोव्ह, तांदूळ-डाळ सगळं सोबत. आणि हो, स्टोव्हजवळ सॅनिटायझर नको, पेट घेतो, साबणच बरा. मास्क सहा घेतलेत, घामाने भिजला की बदलायचा, घाटात माणूस नसेल तेव्हा खाली आणि गाव दिसलं की वर.

एक गोष्ट मात्र ठरवून करणार. जूनमध्ये निसर्ग वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, वरून लॉकडाऊन, पर्यटक नाहीत. म्हणून तिथे एका घरी आधीच फोन केला, पैसे पाठवतो, तंबू तुमच्या अंगणात लावतो, जेवण पडवीत ठेवा म्हटलं. त्या मावशी म्हणाल्या, तू ये तर खरा.

तुझ्याकडे एकच काम. रोज संध्याकाळी सातला मेसेज टाकीन, ताम्हिणीत रेंज नसते तेव्हा नऊपर्यंत थांब, त्यानंतरही नाही आला तर दादाला फोन कर, मुक्कामांची यादी त्याच्याकडे आहे. आल्यावर चौदा दिवस मी वरच्या खोलीत.

माझे टायर लिव्हर तुझ्याकडेच राहिलेत. शुक्रवारी येतो, गेटवर पिशवीत अडकवून ठेव. वर येणार नाही, काकूंना गॅलरीत यायला सांग, खालूनच बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
सुऱ्या