आई, ती धाप चांगली होती

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, रात्री

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी येऊरच्या चढावर होते. उपवनहून वर जातो तो रस्ता. पावसाने नुकती उघडीप दिली होती आणि मला एका दमात दोन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. तू घाबरलीस. "एवढी धाप लागेपर्यंत कशाला चालतेस गं? अशाने पोटात काही राहायचं नाही," म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबा नेहमीसारखं "जपून" म्हणाले आणि ठेवून दिला. खाली उतरेपर्यंत मी ठरवलं, हे फोनवर जमणार नाही, लिहायलाच हवं. आणि बाबा, हे पत्र तुम्हीही वाचायचं आहे. बायकांचं काहीतरी आहे म्हणून आईकडे सरकवू नका.

मला पीसीओएस आहे हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे सगळे पीसीओडीच म्हणतात. पण तुमच्या डोक्यात 'ओव्हरीत गाठी' एवढंच बसलंय, आणि गाठ म्हटलं की आई थेट कॅन्सरपर्यंत जाऊन येते. त्या गाठी नाहीत. दर महिन्याला जी अंडी वाढायला लागतात त्यांतलं एक पूर्ण पिकून बाहेर पडायला हवं. माझ्यात ती अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात ते त्या थांबलेल्या अंड्यांचे बारके फुगे, ओव्हरीच्या कडेने ओळीने, मोत्याच्या माळेसारखे. बाबा, तुम्हाला सनावळ्या लागतात म्हणून सांगते: शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली याची पहिली नीट नोंद केली, आणि निदानाचे जे निकष आजही मुळात वापरले जातात ते २००३ साली रॉटरडॅमला ठरले. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत ते फुगे. तिन्हींपैकी दोन असली की पुरे, बाकीची कारणं तपासून बाजूला काढल्यावर. मला तिन्ही आहेत. पहिल्या वर्गात पास.

आता अंडी अडतात का? बहुतेक जणींत याच्या मुळाशी इन्सुलिन असतं, रक्तातली साखर शरीराला उचलायला लावणारं हार्मोन. शरीर त्याला दाद देत नाही, मग ते जास्त-जास्त तयार होतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन बनवायला चिथावतं. तेच अंड्याला पिकू देत नाही. अंडं बाहेर पडलं नाही की पाळी रखडते. हनुवटीवरचे केसही त्याच हार्मोनचे. म्हणजे आई, तुझी शुगर आणि माझी पाळी ही एकाच घरातली भांडणं आहेत.

आणि इथे तो चढ येतो. स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, इन्सुलिनची वाट बघत बसत नाही. त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून मी दोन दिवसांच्या वर खंड पडू देत नाही. इन्सुलिन उतरलं की ओव्हरीवरचा दाब कमी होतो. वजनाचा काटा हलला नाही तरी इन्सुलिनच्या बाबतीत हा फायदा होतो. माझं वजन वर्षभरात जेमतेम ३ किलो उतरलंय. गेल्या वर्षी पाळी ५ वेळा आली होती. यंदा जानेवारीपासून आत्तापर्यंत ६ वेळा.

२०२३ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून या आजारासाठी सूचना काढल्या. त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितलाय, शिवाय दोन दिवस, लागोपाठ नव्हे, स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोराचा म्हणजे सकाळी तू फोनवर ऐकलंस तसा. आठवड्यात ऑफिसहून आले की कचराळी तलावाभोवती भरभर फेऱ्या, रविवारी येऊर, आणि मंगळवार-शुक्रवार सोसायटीच्या जिममध्ये डंबेल घेऊन उठाबशा. बाबा, तुम्ही शाळेत पोरांना शिक्षा म्हणून द्यायचात, त्याच. मी महिन्याला पैसे भरून काढते. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, म्हणून साखर ओढायला तेच कामाचे. वजन उचलल्याने गर्भाशय सरकतं वगैरे जे मावशीने सांगितलं, ते माझ्या डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पाच किलोने सरकत असतं तर बाजारातून पिशव्या आणणाऱ्या एकाही बाईला मूल झालं नसतं.

अर्थात मीही आधी चुकलेच. पहिले तीन महिने मी दुपारी नुसती काकडी खाऊन संध्याकाळी पळत होते. वजन धडाधड उतरलं आणि येत होती तीही पाळी गायब झाली. शरीराला खायला न घालता राबवलं की ते पहिल्यांदा पाळीच बंद करतं. धावपटू मुलींचंही होतं असं. तेव्हा डॉक्टर रागावल्या. आता दोन वेळ नीट जेवते, उसळ, भाकरी, मासे, सगळं. उतरलेलं थोडं परत चढलं, म्हणूनच वर ३ किलो लिहिलंय. पाळी नाही आली की तू म्हणायचीस, बरंच झालं, त्रास वाचला. तसं नसतं गं. महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर साचत राहतं आणि ते बरं नाही. तीन महिने गेले तर गोळ्या देऊन आणवतात.

यातून मूल होईलच का? व्यायामाने इन्सुलिन सुधारतं, दम वाढतो, हे पक्कं आहे. पण अमुक चाललं की पाळणा हलतो असा हिशेब कुणी मांडून दिलेला नाही. गरज लागली तर पुढे अंडं पिकायची गोळी देतील, लेट्रोझोल. बाबा, ते नाव नेटवर शोधलंत तर स्तनाच्या कर्करोगाचं औषध म्हणून दिसेल. घाबरून फोन करू नका. मूळ औषध त्यासाठीचंच, पण आता या कामासाठी तेच आधी देतात. तोवर मेथीदाणे, शतावरी आणि त्या काढ्याची चौथी बाटली पाठवू नका. आणि काकूला सांगा, 'गोड बातमी कधी' हे तुमच्या जावयाला, मंदारलाही विचारत जा. त्याची तपासणी एका दिवसात झाली, माझ्या आठ झाल्या.

बारावीत तू मला ज्या डॉक्टरकडे नेलंस, त्यांनी न तपासताच "लग्न झालं की होईल सगळं नीट" म्हणून परत पाठवलं होतं. रिक्षात तू गप्प होतीस. मला वाटलं, तुला लाज वाटली. हल्ली वाटतं, तुला ते वाक्य ओळखीचं होतं.

कारण मला आपलं कालनिर्णय आठवतं. स्वयंपाकघराच्या दाराआडचं. दुधाचा हिशेब पेनाने, सिलिंडर लागल्याची तारीख पेनाने, आणि कोपऱ्यात कुठेतरी पेन्सिलीची एक बारकी फुली. मला लहानपणी वाटायचं, तू उपास मोजतेस. काही पानांवर फुली असायची, मग दोन-दोन, तीन-तीन पानं नुसतंच दूध आणि सिलिंडर. तुझ्या पर्समधला तो छोटा चिमटा. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली मी, आणि त्या सहा वर्षांत आजी तुला काय-काय बोलली ते तू कधी सांगितलं नाहीस, आत्याने सांगितलं. हा आजार घराण्यात चालतो आई. आणि ज्यांना तो असतो त्यांना पुढे मधुमेह व्हायची शक्यताही जास्त.

बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी एकटे फिरायला जाता, उद्यापासून आईला घेऊन जा. देवळापर्यंत नव्हे, पुढच्या चढापर्यंत. तिची शुगरही स्नायूच ओढणार आहेत.

गणपतीला दोन दिवस आधी येतेय, खोपटहून रात्रीची एसटी. मोदक खाणार आहे, मोजून वगैरे नाही. सकाळी मात्र तासभर बाहेर जाईन, तेव्हा पाहुण्यांसमोर सारवासारव करू नकोस, व्यायामाला गेलीय म्हणून सांग.

आणि आई, ती फुल्यांची पानं. मागच्या पडवीत आपण दोघीच असू तेव्हा सांगशील?

तुमची,
मुक्ता