मांजराच्या ऑपरेशननंतर हातात एक कागद तरी द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना स.न.वि.वि.

साहेब, आमच्या चिमीचं, म्हणजे 7 महिन्यांच्या भाटीचं, नसबंदीचं ऑपरेशन गेल्या महिन्यात केलं. आधी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो तर तिथे म्हशींची रांग आणि मांजराचं इथे होत नाही म्हणाले, मग टोपलीला वरनं जाळी बांधून एसटीने जिल्ह्याला, कंडक्टर म्हणतो हिचं तिकीट काढू का. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं पुढचं आहे.

संध्याकाळी चिमी हातात दिली आणि "आठ-दहा दिवस जपा" एवढंच तोंडी सांगितलं. आता जपा म्हणजे काय हो? रात्री भूल उतरताना ती भेलकांडत होती, गळ्यातली प्लास्टिकची कॉलर दाराला आपटली की उलटी उलटी चालायची. आई म्हणाली दुखत असेल, अर्धी पॅरासिटामॉल दुधातून देऊ. गोळी मोडून वाटीत टाकली होती साहेब! तेवढ्यात भाचीचा फोन आला, ती व्हेटर्नरीला शिकते, ती किंचाळलीच, मांजराच्या शरीराला ती गोळी झेपत नाही, अर्ध्या गोळीतही जीव जाऊ शकतो. शेजारच्या काकू हळद-तेल घेऊन उभ्या होत्या, त्यांनाही परत पाठवलं (अजून रुसल्यात).

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव प्राण्याची नसबंदी मालकाची जबाबदारी आहे, मान्य, आम्ही घेतली. मांजर साधारण दोन महिन्यांत विते, चिमीच्या आईची पिल्लं वाटता वाटता सगळी गल्ली संपली होती. पण सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांचा ठेवा की, आणि मराठीत अर्धं पान छापा. टाके चाटू द्यायचे नाहीत, कॉलर 10 ते 14 दिवस काढायची नाही, अंघोळ नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत, जखम सुजली, पू आला किंवा दुसऱ्या दिवशीही जेवली नाही तर लगेच आणा, आणि माणसांची गोळी अजिबात नाही हे मोठ्या अक्षरात. बोकेवाल्यांसाठी एक ओळ जास्त, ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस घरातच ठेवा.

मजकूर मी लिहून पाठवतो, तुमच्या डॉक्टरांकडून तेवढा तपासून घ्या.

आपला,
एक मांजरवाला