मोहनच्या जाण्याविषयी, विनायकला

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझा भाऊ मोहन परदेशात नोकरीवर रुजू झाला आणि घर ओकंबोकं झालं, हे वाचून वाईट वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, "इथे काय उपाशी होता? पैशाची हाव, दुसरं काय!" ते वाक्य मनाला लागलं. रागाच्या भरात लिहिलं असशील, हे मला कळतं. तरी या विषयावर मी जे वाचलं आणि आमच्या घरात जे पाहिलं, ते तुला नीट लिहून कळवावंसं वाटतंय.

खरोखर उपाशी असलेला माणूस सहसा फार लांब जाऊच शकत नाही, विनायक. त्याला तिकीट लागतं, कागदपत्रं लागतात, एजंटाचे पैसे भरावे लागतात आणि तिकडे उतरल्यावर सुरुवातीला सांभाळून घेईल असं ओळखीचं कोणीतरी लागतं. म्हणूनच अगदी गरीब देशांपेक्षा मध्यम उत्पन्नाच्या देशांतून जास्त लोक बाहेर पडतात. हातात थोडा पैसा आला की जाणं आधी वाढतं, आणि बरीच सुबत्ता आल्यावरच ओसरायला लागतं. सगळं हातचं गेल्यावरही लोक निघतात, नाही असं नाही. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत दहाएक लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या बेटाची लोकसंख्या अजूनही दुष्काळाआधीच्या आकड्याला पोचलेली नाही. पण जिवाच्या भीतीने पळणारेही बहुतेक वेळा जवळच थांबतात. 2024 च्या अखेरीला जगात 12 कोटींहून जास्त लोकांना युद्ध, छळ, हिंसाचार यांमुळे घर सोडावं लागलेलं होतं, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्याच देशाच्या हद्दीत होते.

रेव्हनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने 1885 मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवून दिलं होतं, की बहुतेक स्थलांतर थोड्या अंतराचं असतं, आणि थोड्या अंतराच्या स्थलांतरात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. भारताच्या 2011 च्या जनगणनेत 45 कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न. ते आपल्या हिशेबातच नसतं. तुझी आई माहेर सोडून आली तेव्हा तिच्या जाण्याला कोणी हाव म्हटलं का? तिचं मन रमतंय की नाही, एवढं तरी कोणी विचारलं होतं का?

आता मोहनचं. 1985 मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या दोन अर्थतज्ज्ञांनी एक मुद्दा मांडला, तो मला फार पटला. कोण जाणार, कुठे जाणार, हे बरेचदा एकटा माणूस ठरवत नाही, ते घर ठरवतं. शेतकरी जसं सगळ्या रानात एकच पीक घेत नाही, तसं घर आपली सगळी माणसं एकाच ठिकाणच्या कमाईवर ठेवत नाही. इकडे आजारपण आलं, धंदा बसला, तर तिकडून पैसा येत राहावा, ही सोय असते. तूच मागे लिहिलं होतंस, घराचं कर्ज आहे, वडिलांच्या औषधांचा खर्च वाढलाय, मुलाचं शिक्षण पुढे उभं आहे. या तिन्ही गोष्टींचं ओझं तुमच्या सगळ्या घराचं होतं. मोहन ते घेऊन गेला. त्याच्या जाण्याचं बोलणं झालं तेव्हा घरात तूही होतास.

सगळ्यांचं जाणं मात्र एका मापाने मोजता येत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी बघ. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती दुखण्याखुपण्यात नाहीतर लग्नकार्यात संपते आणि मग ती फेडायला पाच-सहा महिने फडावर काढावे लागतात. हंगाम संपला तरी बाकी उरली, तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम. मुलं आजी-आजोबांकडे ठेवली तर ती आईबापांना दुरावतात, बरोबर नेली तर शाळा सुटते. तिथे ठरवणारं घर नसतं, कर्ज असतं. मोहनकडे निदान "नको" म्हणण्याची मुभा होती, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो.

पण तुला खरं लिहायचं आहे ते मागे राहिलेल्यांबद्दल. माझे वडील नोकरीसाठी बाहेर असत, हे तुला ठाऊकच आहे. आई त्या काळात बँकेत एकटी जायला लागली, शाळेच्या कागदांवर सही करायला लागली, घर दुरुस्तीवाल्याशी भाव ठरवायला लागली. वडील सुट्टीवर आले की पहिले दोन-तीन दिवस आनंदाचे जायचे. मग हळूहळू लक्षात यायचं, की घरात त्यांची जागा कुठे आहे हे कोणालाच नीट माहीत नाही. मी सहलीला जाऊ का, हे मी त्यांच्या देखत आईला विचारायचो. ते काही बोलायचे नाहीत, वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि पुन्हा उघडायचे. कात्री कुठे ठेवतो, हेसुद्धा त्यांना विचारावं लागायचं. आईचंही सोपं नव्हतं. एकदा हातात आलेला कारभार महिनाभरासाठी सोडायचा आणि ते गेले की परत उचलायचा! तिला त्या वर्षांनी खंबीर केलं आणि थकवलंही. पैशाने आमचं शिक्षण झालं, त्याबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे. पण आम्हा बापलेकांना एकमेकांशी सहज बोलता यायला फार उशीर लागला.

हे केवढ्या मोठ्या प्रमाणावर घडतं, ते चीनकडे बघून कळतं. तिथे 1958 पासून हुकोउ नावाची रहिवासाची नोंदणी आहे. माणसाची नोंद गावची असेल, तर शहरात वर्षानुवर्षं राबूनही मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालणं अवघड जातं. मग मुलं गावी ठेवावी लागतात. 2010 च्या जनगणनेवरून अशी मागे राहिलेली मुलं 6 कोटींच्या वर असल्याचा अंदाज काढला गेला. आईबापांना दूर नेलं कामाने, पण मुलांना त्यांच्यापासून तोडलं एका नियमाने. मला याचाच जास्त राग येतो, कारण नियम बदलता येतात.

ज्या समाजात लोक जातात तिथेही असंच. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, थोड्या काळासाठी म्हणून. 1973 मध्ये भरती बंद केली. अपेक्षा अशी, की लोक आता परततील. झालं उलटं. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने अनेकजण तिथेच थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. दार उघडं असतं तेव्हा माणूस ये-जा करतो. ते बंद व्हायला लागलं की मुक्काम ठोकतो.

घरी येणाऱ्या पैशाला मी कमी लेखत नाही. 2022 मध्ये परदेशी गेलेल्यांनी भारतात पाठवलेली रक्कम 10,000 कोटी डॉलरच्या वर गेली. तोवर कुठल्याही देशाला वर्षभरात इतका पैसा असा आलेला नव्हता. त्यातून औषधपाणी होतं, फिया भरल्या जातात, कर्जं फिटतात. पण तो पैसा घरात कोणाच्या हातात पडतो, यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून तुला एक सांगणं आहे. मोहनला रागाचं पत्र धाडण्याआधी एकदा त्याच्या बायकोशी, सुनंदाशी बोल. पैसे कोणाच्या खात्यावर येणार आहेत, ते तिला विचार, आणि तिच्या नावाचं खातं नसेल तर तू स्वतः बरोबर जाऊन उघडून दे. मोहनच्या करारनाम्याची आणि पासपोर्टची प्रत तिच्याजवळ असू दे. वडिलांचं दवाखान्याचं तू बघतो म्हण, म्हणजे सगळं तिच्या एकटीवर पडणार नाही. आणि मोहनचा फोन येईल तेव्हा हिशेबाचं बोलणं वेगळ्या वेळी ठेवा, लेकाला बापाशी निवांत बोलू द्या. शाळेत काय झालं, कोणाशी भांडण झालं, असलंच काहीबाही.

वडिलांना माझा नमस्कार. सुनंदाशी काय बोलणं झालं ते कळव, मी वाट पाहतोय.

तुझाच,
अनिल