योजनेचा बेड फुल्ल, रोखीचा बेड रिकामा

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीचं नाव पाकिटावर आहे. शाखा सोलापूरची.)

विषय: योजनेत बसणाऱ्या रुग्णाकडून भरून घेतलेले 60,000 रुपये परत करण्याबाबत

तुमच्या ग्राहक सेवेतल्या बाईंनी आत्ताच फोन ठेवला. ठेवण्याआधी ‘एक ते पाचमध्ये किती गुण द्याल’ तेवढं मात्र विचारून घेतलं. गुण इथे लेखी देते.

महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणजे काय, हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुमच्याच भिंतीवर तिचा फलक आहे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं; तेव्हा इथल्या काउंटरला ती काल-परवा कळली असं नाही. 1 जुलै 2024 पासून पांढरं रेशनकार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, हेही तुम्हाला ठाऊक असणारच.

माझ्या वडिलांचा जन्म यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेला. ना ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), ना मेडिक्लेम. शुगर आहे म्हटल्यावर विमा एजंटने जो हप्ता सांगितला, तो ऐकूनच आम्ही विषय सोडला. भावाच्या पगारामुळे कार्ड पांढरं, म्हणून पूर्वी योजनेतही नव्हतो. (आमच्या श्रीमंतीचा पुरावा म्हणून घरात तेवढं ते कार्डच आहे.) मी ई-सेवा केंद्र चालवते, गल्लीतल्या कितीतरी जणांची आयुष्मान कार्डं मीच काढून दिलीत. त्यामुळे वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, ईसीजी अशी फाइल घेऊनच तुमच्या दारात आले.

योजनेच्या रुग्णांना मदत करायला बसवलेल्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी. ‘जेवायला गेलेत.’ दुपारचे चार वाजले होते. योजनेच्या फलकावर ‘कॅश काउंटर’चा बाण असा चिकटवलाय की योजनेच्या हेल्पलाइनच्या 155388 मधले शेवटचे दोन आकडे त्याखाली गेलेत. त्या बाणाने गेले. पुढचं जसंच्या तसं लिहिते.

“योजनेचा बेड फुल्ल आहे.”
“आणि रोखीचा?”
“तो मिळंल. साठ हजार भरा, लगेच वर घेतो.”
“वॉर्ड वेगळा आहे का?”
“वॉर्ड तोच.”
“मग खाट वेगळी?”

यावर ते गृहस्थ शेजारच्या मुलीकडे बघून हसले. मग मला म्हणाले, “ताई, पांढरं कार्ड हाय तुमचं. भरा की! फुकटच पायजे असंल तर सिव्हिल हाय की.”

वडील व्हीलचेअरवर बाजूलाच होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “चल, सिव्हिललाच जाऊ.” सिव्हिलला जायला आम्हाला कमीपणा नाही. पण तोवर तुमच्याच डॉक्टरांनी ईसीजी बघून ‘हलवू नका’ सांगितलं होतं. त्या डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात, हे मी काउंटरवर सांगितलं. उत्तर आलं, “ते आम्हाला नका शिकवू.” बरोबर आहे. शिकवायची फी तुम्हीच घेता.

बांगड्या बँकेत तारण ठेवून पैसे भरले. पावती हातात पडते न पडते तोच तो फुल्ल असलेला बेड रिकामा झाला. त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर. रात्री अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी ‘योजनेचा लाभ नको’ अशा छापील फॉर्मवर माझी सही घेतली. सही केली नसती तर स्ट्रेचर हललं नसतं.

आता फोन केला की तुमची माणसं तोच फॉर्म दाखवतात. योजना कॅशलेस आहे, एकदा पैसे भरले की रुग्णाच्या हातात काही उरत नाही, हे काउंटरवरच्या माणसाला माहीत होतं. म्हणूनच तर घाई होती. आणि पुन्हा विचारते, रोखीने जो बेड होता तो योजनेत का नव्हता? फोनवर याचं उत्तर कुणी दिलं नाही. ‘नोंद घेतली आहे’ म्हणतात. कशात घेतली, देव जाणे.

60,000 रुपये परत हवेत. त्या दिवशीच्या बेड रजिस्टरची प्रत हवी. फलकावरचा बाण काढा, त्याला तर खर्चही नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र राज्य आरोग्य हमी सोसायटी, योजनेचे जिल्हा समन्वयक आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. अर्ज कसा करायचा हे मला कुणाला विचारावं लागत नाही, दिवसभर लोकांचे तेच भरते.

माझ्या केंद्रात रोज कुणीतरी विचारतं, “ताई, हे कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं?” यादीत तुमचं नाव आहे, म्हणून आजवर सांगत आले. आता नाव सांगते आणि या पत्राची झेरॉक्सही हातात देते. तिचे पैसे घेत नाही.

(सही)
रुग्णाची मुलगी

सोबत: डिपॉझिटची पावती, डिस्चार्ज कार्ड आणि रेशनकार्ड यांच्या प्रती; फलकाचा फोटो.