मेलबर्नला निघण्याआधी, बॅगेतल्या डब्यांविषयी

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझी सामानाची यादी वाचली. व्हे प्रोटीन, प्री-वर्कआउट (व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर) आणि जिममधल्या सरांनी पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या, एवढ्या तीनच गोष्टींवर लिहितोय. बाकीचं काकू बघतील.

गोळ्या नेऊच नकोस. सर ज्याला 'डी-बॉल' म्हणतात ते मेथॅन्डिएनोन, म्हणजे सरळसरळ ॲनाबॉलिक स्टेरॉइड, टेस्टोस्टेरॉनसारखं काम करून स्नायू वाढवणारं औषध. उतरताना भरायच्या कार्डावर औषधं, शस्त्रं आणि अमली पदार्थांच्या रांगेत 'स्टेरॉइड्स' हा शब्दच छापलेला असतो. तिथं 'नाही'वर खूण केलीस आणि पुडी सापडली, तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा वेगळा. शिवाय ऑस्ट्रेलियात राज्यागणिक कायदा बदलतो. क्वीन्सलँडनं २०१४ मध्ये स्टेरॉइड्स हेरॉइन-कोकेनच्या यादीत नेऊन बसवली. तुझा लंडनचा मामेभाऊ सांगतो तेही खोटं नाही. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती जवळ बाळगणं गुन्हा नाही, विकलीस तर मात्र १४ वर्षांपर्यंत कैद. पण तिथंसुद्धा २०१२ पासून ती परदेशातून पोस्टानं मागवता येत नाहीत, आणि त्याच्या देशाचा नियम तुला मेलबर्नच्या विमानतळावर वाचवणार नाही. अमेरिकेत दुकानात उघड मिळणारं डीएचईए हे संप्रेरकसुद्धा ऑस्ट्रेलियात बंधनात आहे, म्हणून अमेरिकेतल्या मित्राकडून पार्सल मागवू नकोस.

'हे स्टेरॉइड नाही, सार्म्स आहे' असं कुणी म्हणालं तर भुलू नकोस. सार्म्स म्हणजे स्टेरॉइडसारखाच परिणाम साधू पाहणारी, पण वेगळ्या रचनेची रसायनं; ऑस्टरिन, लिगँड्रॉल ही त्यातली नावं. २०१७ च्या एका अमेरिकी तपासणीत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ४४ मालांपैकी जेमतेम निम्म्यांत सार्म्स निघाले, आणि ३९ टक्क्यांत दुसरंच मान्यता नसलेलं औषध होतं. लेबलवर विश्वास ठेवून डोस ठरवणारा माणूस नेमका काय गिळतोय, हे त्यालाही ठाऊक नसतं.

प्री-वर्कआउटचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाच. डीएमएए, मिथाइलहेक्झानअमाइन, १,३-डायमिथाइलअमाइलअमाइन ही एकाच द्रव्याची नावं; कधी ते 'जेरेनियम अर्क' म्हणूनही लपवतात. ऑस्ट्रेलियानं त्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. ते रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं, आणि जोडीला कॅफिन असलं की भर उन्हातल्या व्यायामात हृदयावर दुहेरी ताण येतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून नुसतं एकूण वजन दिलं असेल, तर कॅफिन किती हे कळायला मार्गच नसतो. तो डबा घरीच ठेव.

व्हे दुधाचं आहे, म्हणून कार्डावर खाद्यपदार्थांपुढं 'हो' लिही. सांगितलंस तर फार तर डबा काढून घेतील. लपवलंस तर दंड होतो, आणि २०२१ पासून विद्यार्थ्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. खरं तर २ किलोंचं ओझं नेण्यापेक्षा तिथंच घे. डब्यावर हास्टा किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट या पूरकांची बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासणी करणाऱ्यांचं चिन्ह बघ आणि बॅच नंबर त्यांच्या यादीशी जुळव. चिन्ह नुसतं छापायला कुणीही छापतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घ्यायचं तर मोनोहायड्रेट प्रकारचं, रोज ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीचे काही दिवस रोज २० ग्रॅम घेण्याची, म्हणजे लोडिंगची, गरज नाही.

आता काळजीचं. त्या गोळ्या आधीच सुरू केल्या असशील तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, लाजू नकोस. अशा गोळ्या यकृतावर भार टाकतात, चांगलं कोलेस्टेरॉल पाडतात, रक्त दाट करतात. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं आवरतं घेतं, आणि पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात मन खचतं, तेव्हा एकटा राहू नकोस. निघण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), यकृताच्या चाचण्या, एलएच आणि एफएसएच (टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू बनवायला लावणारी संप्रेरकं), टेस्टोस्टेरॉन आणि रक्तदाब एवढं तपासून घे. रक्त देण्याआधी आठवडाभर जड वजनं उचलू नकोस, कारण यकृताच्या चाचण्यांतली एएलटी-एएसटी ही विकरं स्नायूंच्या झिजेनंही वाढतात. म्हणूनच जीजीटी ही यकृताची आणखी एक चाचणी मुद्दाम लिहून घे, ती स्नायूंमुळं वाढत नाही.

आणि पंपसाठी, म्हणजे व्यायामात स्नायू फुगलेले वाटावेत म्हणून, मेफेंटरमाइनचं इंजेक्शन कुणी पुढं केलं, तर तिथून उठून ये. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब चढवायचं ते औषध आहे, ते जिममध्ये टोचून घ्यायचं नसतं.

डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आज रात्रीच पाठव, घटकांची यादी आणि बॅच नंबर दोन्ही वाचता येतील असे.

तुझा,
निखिल