शाळेतील समुपदेशनाला खोली आणि तासिका द्या

संपादक महोदय,

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिला. नेमणुका होतीलही. पण वेळापत्रकात तासिका नाही आणि बसायला खोली नाही, अशा शाळेत समुपदेशकाच्या वाट्याला रजेवरच्या शिक्षकांचे वर्ग सांभाळणेच येते. शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात मूल मोकळेपणाने बोलत नाही. बोललेच आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा उल्लेख झाला, तर ते परत येत नाही आणि त्याचे मित्रही येत नाहीत. बाहेरून आतले दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी खोली, ठरलेल्या तासिका आणि नोंदींसाठी कुलपाचे कपाट, एवढे तरी शाळेने द्यावे. दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून तिथे धाडणे आधी थांबवावे.

कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले आहे. तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवून ते उरकू नये. वहीच्या मागच्या पानावर ‘जगायचं नाही’ असे लिहिलेले दिसले, तर पुढच्या तासाभरात काय करायचे, याचा सराव करून घ्यावा. मुलाला एकटे सोडायचे नाही, अगदी स्वच्छतागृहापर्यंतही सोबत कोणीतरी हवे. वर्गासमोर विचारपूस नको. बाजूला घेऊन सरळ विचारावे, ‘मरून जावंसं वाटतं का? काही ठरवलं आहेस का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘कोणालाही सांगणार नाही’ हे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. पालकांना त्याच दिवशी बोलवावे. पण घरातूनच मारहाण किंवा अत्याचार होत असल्याचे कळले, तर आधी १०९८ या बाल मदतवाहिनीवर कळवावे. गावाकडे एक गोष्ट हमखास राहून जाते: घरातले कीटकनाशक आणि औषधे कुलपात ठेवायला किंवा हलवायला सांगणे. मग पालकांसमक्षच १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावावा. तो विनामूल्य असून चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात कधी जायचे, तेही त्याच फोनवर ठरवावे. मूल शाळेत परतल्यावर त्याची चौकशी एकाच शिक्षकाने करावी. यातले काहीही व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये.

दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात, तेव्हा शाळा सुट्टीवर असतात. नेमक्या त्या संध्याकाळी मुलाजवळ शाळेचे कोणी नसते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची यादी वर्गशिक्षकांनी वाटून घ्यावी, त्याच दिवशी प्रत्येकाला फोन करावा आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज कसा भरायचा ते समजावून सांगावे.

जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांचा पट शंभरच्या खाली आहे. अशा संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे निर्देशात आहे. ही जोडणी फलकावर दूरध्वनी क्रमांक लिहून होत नाही. एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, शाळा मिळून एक समुपदेशक आणि प्रत्येक शाळेला ठरलेला वार, अशी रचना शिक्षण विभागाने करावी.

आणि शिक्षक? दोनशिक्षकी शाळेत एक जण निवडणुकीच्या कामाला गेला, की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्यांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. मुख्याध्यापकाला अहवाल देणाऱ्या समुपदेशकापाशी शिक्षक मन मोकळे करणार नाही. त्याच्यासाठी शाळेबाहेरचा तज्ज्ञ हवा. विद्यार्थ्याने आत्महत्या केली, तर वर्गशिक्षकामागे चौकशी लागते, पण त्याला आधार द्यायला कोणी येत नाही. चौकशी अवश्य व्हावी. त्याच आठवड्यात त्या शिक्षकाची आणि त्या वर्गातील मुलांची तज्ज्ञांशी भेट घडवण्याची जबाबदारी गटशिक्षणाधिकाऱ्यांवर लेखी स्वरूपात सोपवावी.

– शालेय समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करणारे काही कार्यकर्ते